पेढे घरातच संपले

लेक सातवीत आहे. गंधर्व महाविद्यालय मंडळाची तबल्याची ‘प्रवेशिका पूर्ण’ परीक्षा ती प्रथम श्रेणीत पास झाली आणि सासूबाईंनी फर्मान काढलं: वर्गात पेढे वाटा, मुख्याध्यापिकांना भेटून या. पेढे घरातच संपले. शाळेत कळवायचं का, यावर मात्र दोन तट पडले.

लेकीचं म्हणणं होतं, “आई, परिपाठात नाव घेतलं की पोरं आठवडाभर बाक बडवून ‘धा धिं धिं धा’ करतात. तेही लयीत नाही!” चिडवण्यापेक्षा लय सुटल्याचाच राग जास्त असावा.

माझं मत असं की कौतुकासाठी नाही, कामासाठी कळवायचं. गंधर्वची प्रात्यक्षिक परीक्षा शाळेचं वेळापत्रक बघून येत नाही. मागच्या खेपेला ती नेमकी घटक चाचणीच्या दिवशी आली आणि मला शाळेत गयावया करावी लागली. शिवाय पुढे दहावी आहे. शास्त्रीय संगीताच्या ठरावीक परीक्षा पास असल्या तर राज्य मंडळाकडून वाढीव गुण मिळतात, पण ते आपण परस्पर नाशिक विभागीय मंडळात जाऊन मागू शकत नाही. प्रस्ताव शाळेमार्फतच जातो. चित्रकलेच्या इंटरमिजिएटचंही तेच. मग शाळेच्या दप्तरी सर्टिफिकेटची झेरॉक्स आत्तापासून असलेली काय वाईट?

म्हणून अर्ध्या पानाचा अर्ज लिहिला. परीक्षेचं नाव, श्रेणी, पुढची परीक्षा साधारण कधी, बस. सासूबाईंना त्यात गायक विष्णु दिगंबर पलुस्करही हवे होते. त्यांनी 1901 मध्ये लाहोरला गंधर्व महाविद्यालय काढलं आणि पुढे आपल्या नाशकात रामनाम आधार आश्रम उभारला, हे क्लासच्या सरांनी सासूबाईंना सांगितलंय, तेव्हापासून भाजीवालीलाही ते ठाऊक आहे. अर्ध्या पानाच्या अर्जात पलुस्कर कुठे बसवणार! मी लिहिलेलं ‘अत्यंत अभिमानाने’ लेकीनं खोडलं आणि खाली स्वतः एक ओळ घातली: ‘कृपया परिपाठात सांगू नये.’

वर्गशिक्षिकांनी अर्ज वाचला, ती ओळ वाचून हसल्या, फाइलला लावला. मग म्हणाल्या, “ताई, गॅदरिंगच्या समूहगीताला तबल्यावर कोणी नाहीये हो.”

मी म्हटलं, “तिला विचारून सांगते.”

घरी विचारलं. तिनं दप्तरातून मान वर न काढता विचारलं, “पेटीवर कोण आहे?”