अंगण कधी कधी वाकडंच असतं

हरलेल्या खेळाडूनं सामानाकडं बोट दाखवलं की आपल्याकडं ‘नाचता येईना अंगण वाकडे’ म्हणून त्याला गप्प बसवतात. मला हे कधी पटलं नाही. विटीदांडूच्या दिवसांत बाभळीचा, हातात नीट बसणारा दांडू ज्याच्याकडं असे, त्याला आपल्या गटात ओढायला भांडणं होत. तो खेळायला कसा का असेना!

यंदा भाऊबीजेला अक्का आली, सोबत भाचा. तो पुण्यात नोकरीला असतो आणि साहेब लोकांच्या नादानं गोल्फ खेळायला लागलाय. लातूरजवळच्या आमच्या गावात तो उतरला तोच खांद्याला क्लबांची, म्हणजे गोल्फच्या काठ्यांची, भली मोठी पिशवी अडकवून. अतिवृष्टीतून वाचलेलं सोयाबीन निघालं होतं, रान मोकळं होतं. स्वारी तिथंच सुरू झाली. चेंडू ढेकळात रुतायचा, नाहीतर धसकटात दिसेनासा व्हायचा, आणि गावातली पोरं तो हुडकायला पळायची. बांधावर बसलेल्या अक्कानं विचारलं, “ह्या एका काठीला किती पडले रे?”

“पन्नास हजार.”

अक्का गप्प झाली. मी मनात हिशेब मांडला. 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल, तोही मिळाला तर. म्हणजे नऊ क्विंटलांहून जास्त सोयाबीन. आमच्या रानात एकराला एवढं निघालं तर आम्ही पेढे वाटू.

ही काठी म्हणजे ड्रायव्हर, पहिला लांबचा फटका मारायचा क्लब. पूर्वी त्याचं डोकं पर्सिमनच्या लाकडाचं असे. हे अमेरिकेतलं झाड आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातलं. किनवटकडच्या जंगलात जिची पानं विड्या वळायला तोडतात, तीच टेंभुर्णी. आता ते डोकं टायटॅनियमचं, आतून पोकळ, आणि नियमानं फार तर 460 घन सेंटिमीटरचं. डोकं मोठं असलं की वजन कडेला नेता येतं. मग चेंडू मधोमध न लागता टोकाला लागला, तरी डोकं हातात फारसं पिळवटत नाही. नवशिक्याला याचा खरोखर आधार होतो, ही काही दुकानदाराची थाप नाही.

आणि सामानानं काही होतच नसतं, तर नियमावलीत त्याच्यावर एवढी पानं कशाला खर्ची पडली असती? पिशवीत फार तर 14 क्लब. चेंडू 45.93 ग्रॅमपेक्षा जड नको, 42.67 मिलिमीटरपेक्षा लहान नको. क्लबच्या पत्र्यानं चेंडू किती उसळवावा, यालाही मर्यादा.

खरी करामत तर चेंडूचीच, आणि ती कुणी ठरवून केलेली नव्हती. 1848 च्या सुमारास गट्टापर्चाच्या चिकाचे चेंडू आले, छान गुळगुळीत. पण खेळून खेळून टवके उडालेला जुना चेंडू नव्यापेक्षा सरळ आणि लांब जातो, हे लोकांच्या ध्यानात आलं. मग काय, नव्या चेंडूंवर मुद्दाम हातोडीनं खुणा पाडायला लागले. आजच्या चेंडूवरचे तीन-चारशे खळगे त्या टवक्यांचेच वंशज. खळग्यांमुळं हवा चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते आणि मागची ओढ कमी होते. गुळगुळीत चेंडू त्याच्या जेमतेम निम्मं अंतर कापतो.

सगळंच मात्र इतकं सरळ नाही. आयर्न म्हणजे मधल्या अंतराचे, नंबर पाडलेले क्लब. चेंडूला लागणारा मुखडा जितका कमी कललेला, तितका चेंडू लांब. पूर्वी सात नंबरच्या आयर्नचा मुखडा साधारण 38 अंश कललेला असे. आता कित्येक संचांत तो 30 च्या आसपास असतो. म्हणजे जुना पाच नंबर, वर सात कोरलेला. गिऱ्हाईक खूश, की आपला सात नंबर आता पूर्वीपेक्षा लांब जातो! आमच्या भाच्यानंही ही बढाई मला दोनदा ऐकवली.

त्याचा रोग वेगळाच. चेंडू उजवीकडं पळतो, शेजाऱ्याच्या तुरीत. चेंडूला लागतानाच्या क्षणी मुखडा कुठं बघतोय, यावर बरंचसं ठरतं, आणि तो मनगटाचा कारभार. लांब मारणारा क्लब वाकडा फटकाही लांबच नेतो. जुन्या क्लबानं तो निदान आमच्याच बांधाच्या आत पडला असता.

7 ऑगस्ट 2021 च्या शनिवारी, ज्यांनी जन्मात गोल्फ पाहिला नव्हता तेही सकाळपासून टोकियो ऑलिंपिकमधला आपल्या अदिती अशोकचा खेळ बघत होते. तिचा पहिला फटका मोठमोठ्या खेळाडूंच्या कितीतरी मागं पडायचा. सामानात ती कुणाहून कमी नव्हती, फक्त अंगात तो जोर नव्हता. पण भोकाभोवतीच्या हिरवळीवर आली की पटरनं, म्हणजे तिथं चेंडू ढकलायच्या क्लबनं, चेंडू अलगद भोकात. पदक एका फटक्यानं हुकलं, चौथी आली. 72 फटक्यांत पुरं करायच्या मैदानात निम्मे, म्हणजे 36 फटके पटरच्याच वाट्याला धरलेले असतात. आमच्या भाच्यानं पटर कुठला घेतला विचारलं, तर म्हणे ड्रायव्हरसोबत सवलतीत मिळाला तो.

“अरे, मग त्या पन्नास हजारांत चांगली शिकवणी लावायची होतीस की.”

“मामा, शिकवणी खांद्याला अडकवून गावात येता येतं का?”