अँजिओग्राफीच्या सीडीसाठी एकोणीस दिवस

गेल्या श्रावणाच्या अखेरीस माझ्या यजमानांना फोंड्याच्या घरी हृदयविकाराचा झटका आला. त्याच दिवशी स्टेंट बसला आणि पाचव्या दिवशी ते घरीही आले. परंतु डिस्चार्जच्या कागदावर हृदयाचे पंपिंग ३५ टक्के लिहिलेले होते. मुंबईच्या दिरांनी फिलग्रास्टिम या इंजेक्शनाविषयी वाचले होते. ते अस्थिमज्जेतील मूलपेशी (स्टेम सेल) रक्तात उतरवते आणि मज्जादात्यांना कित्येक वर्षे दिले जाते, तेव्हा त्याच पेशी हृदयाची जखम भरून काढतील, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय झटक्यानंतर जितके लवकर द्यावे तितके चांगले, असा त्यांचा रोज फोनवरून आग्रह होता. म्हापशाच्या एका हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय काहीही टोचायचे नाही, असे मी ठरवले. त्यांनी अँजिओग्राफीची सीडी आणि केसपेपर मागितले.

ती सीडी मिळेपर्यंत एकोणीस दिवस गेले. रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात पहिल्या दिवशी मला सांगण्यात आले की रुग्णाने स्वतः यावे. चार पायऱ्या चढताना ज्यांना धाप लागत होती, त्यांना मी तिथे कसे नेणार? अधिकारपत्र नेले, तेव्हा अर्जावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची सही हवी झाली आणि डॉक्टर रजेवर होते. सही मिळाली, तर सीडी करणारा कर्मचारी जागेवर नव्हता. मग चतुर्थीच्या सुट्ट्या लागल्या. प्रत्येक खेपेस माझा अर्ज खिडकीतून आत जाई, पण पोच कुणी देत नसे, त्यामुळे मी आधी येऊन गेले होते हे दाखवायलाही माझ्याकडे काही नव्हते. सोळाव्या दिवशी वकिली करणाऱ्या भाच्याने सांगितले की वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकृत केलेल्या व्यक्तीने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. हा नियम लिहून अर्जाच्या दोन प्रती केल्या आणि एकीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलले नाही. तिसऱ्या दिवशी सीडी हातात आली. पोच पहिल्याच दिवशी घ्यावी. आणि खरे तर सीडी डिस्चार्जच्या वेळीच मागावी, हे मला फार उशिरा सुचले.

म्हापशाच्या डॉक्टरांनी अर्ध्या तासात सर्व उलगडून सांगितले. २००१ मध्ये उंदरांवरील प्रयोगाने मोठी आशा निर्माण केली होती. २००६ मध्ये जर्मनीत ११४ रुग्णांवर चाचणी झाली. काहींना पाच दिवस हे औषध दिले, तर काहींना औषध नसलेले तसेच इंजेक्शन. मूलपेशी रक्तात भरपूर उतरल्या, पण काही महिन्यांनी केलेल्या एमआरआयमध्ये पंपिंगमध्ये वा जखमेच्या आकारात औषधाचा लाभ दिसला नाही. त्याच वर्षीच्या कोपनहेगनमधील ७८ रुग्णांच्या चाचणीत दोन्ही गट सारखेच सुधारले. झटक्यानंतर काही स्नायू मेलेला नसतो, बधिर झालेला असतो आणि रक्तपुरवठा परत मिळाला की काही आठवड्यांत आपोआप सावरतो. तुलनेला दुसरा गट नसेल तर त्या सुधारणेचे श्रेय इंजेक्शनाला मिळते, हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. या औषधाने हाडे दुखतात आणि पांढऱ्या पेशी खूप वाढतात, हेही त्यांनी सांगितले. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका, यावर मात्र त्यांनी फार भर दिला.

कुणी चाचणी म्हणून असे औषध देऊ केले, तर सीटीआरआय, म्हणजे भारतातील वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही, हिचा नोंदणीक्रमांक विचारावा. १५ जून २००९ पासून भारतात ही नोंदणी सक्तीची आहे.

इंजेक्शन घेतले नाही. तीन महिन्यांनी केलेल्या एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग ४६ टक्के आले, तेव्हा मी तो कागद दिरांना फोनवर वाचून दाखवला. या एकोचा अहवाल आणि सीडी मात्र मी त्याच दिवशी, समोर बसून घेतली.