एका वितीत

पृथ्वीचे वय ४५४ कोटी वर्षे. त्यातल्या पहिल्या ३९० कोटी वर्षांतला प्राण्याचा एकही खात्रीचा जीवाश्म आजवर सापडलेला नाही. हा प्रचंड काळ विज्ञानाच्या बाईंनी आम्हाला नववीत सुतळीवर दाखवला होता. शाळेच्या महोत्सवानिमित्त लिहिलेल्या या लेखात बाईंचे नाव छापलेले त्यांना आवडणार नाही, म्हणून नुसते 'बाई'च लिहितो.

दहा कोटी वर्षांना एक मीटर, या हिशोबाने मोजलेली ती सुतळी व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन पुन्हा वळली होती. जीवसृष्टीची पहिली गाठ लांब पलीकडे, शेवटापासून पस्तीस मीटरवर. तिच्यापुढे मीटरच्या मीटर फक्त सूक्ष्मजीव. प्राण्यांची गाठ आली ती शेवटच्या सहा मीटरांत. माणसाची गाठ बसेना, कारण तीन लाख वर्षे म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर!

प्राण्यांचे बहुतेक मोठे गट जीवाश्मांत पहिल्यांदा दिसतात तो कँब्रियन काळ. त्या वेळच्या पुस्तकांप्रमाणे बाईंनी त्याची सुरुवात ५७ कोटी वर्षांवर बांधली होती. आता ती ५३.९ कोटींवर आली आहे. चीनमधल्या चेंगजियांगचे जीवाश्म ५१.८ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे सुतळीवर दोन्हींत अंतर एकवीस सेंटिमीटरांचे, एका वितीचे. त्या वितीच्या शेवटी संधिपाद (सांधेदार पायांचे प्राणी), कृमी, स्पंज यांच्याबरोबर माशासारखे पृष्ठवंशीयसुद्धा हजर आहेत. प्रयोगशाळेतल्या तक्त्यावर तळाला स्पंज आणि माथ्यावर कॉर्डाटा, म्हणजे आपण पृष्ठवंशीय ज्यात येतो तो गट, असे. आम्ही ती शिडी समजून पाठ केली होती. मी पुढे प्राणिशास्त्र शिकलो आणि आता शिकवतो, तेव्हा मुलांना हेच पहिल्यांदा सांगतो की यातला कुणीही कुणाची खालची पायरी नाही. आजचा स्पंज आपल्याइतकाच प्रवास करून आला आहे.

वितीच्या आधी काय होते? डार्विनला १८५९ मध्ये हाच प्रश्न छळत होता, कारण कँब्रियनखालचे खडक त्याला रिकामे दिसत होते. ते रिकामे नव्हते. इंग्लंडमधल्या चार्नवुड जंगलात १९५६ मध्ये टीना नेगस या शाळकरी मुलीला खडकावर नेच्याच्या पानासारखा ठसा दिसला. तिने शिक्षिकेला सांगितले. उत्तर मिळाले, इतक्या जुन्या खडकात जीवाश्म नसतात. पुढच्याच वर्षी रॉजर मेसन या विद्यार्थ्याने तोच ठसा पाहिला. त्याच्या वडिलांमार्फत बातमी भूवैज्ञानिक ट्रेव्हर फोर्ड यांच्यापर्यंत गेली आणि १९५८ मध्ये चार्निया हे नाव जगापुढे आले. हा जीव सुमारे ५६ कोटी वर्षांपूर्वीचा. टीनाचे श्रेय तिला फार उशिरा मिळाले. ही हकीकत वाचली की मला बाई आठवतात. प्रश्न कितीही वेडगळ असो, त्या आधी "कुठे पाहिलंस? चल, दाखव" असे म्हणायच्या.

त्याच काळातला डिकिन्सोनिया हा चपटा, वळ्या असलेला जीव प्राणी की आणखी काही, यावर अनेक दशके वाद होता. रशियात श्वेत समुद्राच्या काठी मिळालेल्या ५५.८ कोटी वर्षांच्या ठशांत २०१८ मध्ये कोलेस्टेरॉलचे अवशेष सापडले. ही तर प्राण्याची खूण! एखाद्या जीवाची ओळख त्याच्या चरबीवरून इतक्या काळानंतर पटावी, याचे मला आजही अप्रूप वाटते.

भोपाळजवळ भीमबेटकाच्या गुहेतही डिकिन्सोनिया मिळाल्याची बातमी २०२१ मध्ये आली. मी हरखून वर्गात सांगितली. पुढे दुसऱ्या संशोधकांनी जाऊन पाहिले, तर तो मधमाश्यांच्या मोहोळाचा उरलेला डाग निघाला; हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ संशोधकांनीही ते मान्य केले. तेही मी वर्गात तितक्याच आवडीने सांगितले.

या महोत्सवानिमित्त आमची तुकडी प्रयोगशाळेला चार्निया, डिकिन्सोनिया आणि ट्रायलोबाइट (कँब्रियनमध्ये दिसू लागलेला, आता नामशेष संधिपाद) यांच्या प्रतिकृती देणार आहे. जोडीला भीमबेटकाच्या त्या डागाचे छायाचित्रही लावावे, अशी विनंती मी मुख्याध्यापकांना केली आहे.