अर्धं भिंग झाकलं तर

रविवारी दुपारी भाची ग्राफ पेपर घेऊन आली. दहावीला आहे, सेमीला, त्यामुळे अक्षाला समांतर आलेले किरण भिंगातून वळून जिथे भेटतात त्या बिंदूला ती फोकस म्हणते आणि मी नाभी, पण तेवढं आमचं जमून जातं. गणित साधंच होतं, बहिर्वक्र, म्हणजे मध्ये जाड भिंग, नाभीय अंतर (भिंगापासून नाभीपर्यंत) १० सेंमी, वस्तू १५ सेंमीवर, रे डायग्राम काढून प्रतिमा शोधा. वस्तू म्हणून तिने २ सेंमीचा उभा बाण काढला होता आणि भिंग अक्षाच्या वर ३ सेंमी, खाली ३ सेंमी.

पहिला किरण बाणाच्या टोकातून अक्षाला समांतर, तो भिंगातून वळून पलीकडच्या नाभीतून जातो. दुसरा भिंगाच्या मध्यातून, न वळता सरळ. तिसरा अलीकडच्या नाभीतून भिंगावर आणि मग समांतर. हा तिसरा काढताना तिची पेन्सिल थांबली. "मावशी, हा भिंगाला लागतच नाहीये, खालून जातोय." खरंच तो अक्षाच्या ४ सेंमी खाली जात होता आणि भिंग तर ३ वरच संपलेलं! तिला वाटलं आपलं चुकलं, रबर घेऊन नाभी सरकवायला निघाली, मी म्हटलं थांब, अजिबात खोडू नकोस, तू बरोबर काढलंयस. भिंगाची उभी रेघ पट्टीने खाली वाढव आणि किरण तिथेच वळव. तसं केल्यावर तिन्ही किरण ३० सेंमीवर एकाच बिंदूत आले, प्रतिमा उलटी, ४ सेंमीची, म्हणजे दुप्पट.

पण तिचा पुढचा प्रश्न एकदम योग्य होता. किरण भिंगातून गेलाच नाही तर प्रतिमा कशी बनली? आणि मला वाटतं हा धडा इथेच अडतो, कारण सगळ्यांना ते दोन-तीन किरणच प्रतिमा बनवतात असं वाटत राहतं. ते किरण फक्त आपल्याला काढायला सोपे, कुठे वळणार ते आधीच माहीत असतं म्हणून निवडलेले. टोकापासून तर सगळ्या दिशांना प्रकाश निघतो आणि त्यातला जेवढा भिंगावर पडतो तेवढा सगळा त्याच एका बिंदूत येतो.

हे नुसतं सांगून पटत नाही म्हणून बाबांचा वाचायचा चष्मा घेतला, नंबर +२. एकाला नंबराने भागलं की मीटरमधलं नाभीय अंतर मिळतं, म्हणजे इथे अर्धा मीटर. आमची लालबागची खोली, मागच्या खिडकीसमोर दुसरी चाळ. लाइट बंद केले, खिडकी उघडी ठेवली आणि खोलीतल्या, खिडकीसमोरच्या भिंतीपासून अर्ध्या मीटरच्या जरा पुढे चष्मा धरला, एका काचेवर हात ठेवून, नाहीतर दोन प्रतिमा पडतात. थोडं पुढेमागे केल्यावर भिंतीवर समोरची गॅलरी उमटली, उलटी, रंगासकट, दोरीवरची साडी बोटभर आणि वाऱ्याने हलतेय सुद्धा! भाची हळूच म्हणाली, "पंख्याचा आवाज नसता तर पिक्चरच वाटला असता."

मग तिला विचारलं, काचेचा वरचा अर्धा भाग झाकला तर काय होईल? ती लगेच म्हणाली, अर्धी गॅलरी जाणार. एक जुनी लग्नपत्रिका काचेला अगदी चिकटवून धरली. गॅलरी पूर्ण होती, साडी पूर्ण, फक्त सगळं फिकट झालं. तिने स्वतः पत्रिका हातात घेऊन खालून, बाजूने, सगळीकडून झाकून बघितलं, निदान दहा वेळा. स्वतःचा चष्मा पण धरून बघितला, तो -१.५, अंतर्वक्र, त्याने किरण पसरतात म्हणून भिंतीवर नुसती काचेची सावली.

नंतर तिने त्याच ग्राफ पेपरवर भिंगाचा वरचा अर्धा भाग पेन्सिलने काळा केला आणि बाणाच्या टोकापासून उरलेल्या भागावर कुठेही, मनाला येईल तिथे चार किरण सोडले आणि चारही त्या ३० सेंमीवरच्या बिंदूला नेऊन जोडले, प्रत्येकावर बाणाची खूण करून. मग विचारलं, वस्तू ५ सेंमीवर ठेवली तर? तिथे किरण पलीकडे भेटतच नाहीत, तुटक रेषांनी मागे वाढवायचे, प्रतिमा १० सेंमीवर, वस्तूच्याच बाजूला, सुलटी, दुप्पट, आणि ती भिंतीवर पकडता येत नाही, भिंगातून डोळ्यानेच बघावी लागते. ती आकृती तिने मला हात लावू न देता काढली.