हद्दीची ओळ

२० एप्रिल २०२१, मंगळवार. कोविडमुळे अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातलं आमचं ऑफिस वर्षभर बंदच होतं, सगळे घरून काम करत होतो. त्या आठवड्यात डाउनटाउनमधल्या इमारतींच्या काचांवर प्लायवूड ठोकलं होतं आणि रस्त्यांवर नॅशनल गार्डचे जवान होते. जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाला आदल्या वर्षी इथेच एका गोऱ्या पोलिसानं मारलं होतं. त्या खुनाच्या खटल्यातली ज्यूरी आदल्या दिवसापासून आत बसलेली. निकाल कधीही येईल, म्हणून सगळं शहर कान लावून होतं. मी मात्र सकाळपासून एकाच फाइलशी अडकले होते.

मी गृहकर्ज देणाऱ्या कंपनीत आहे. घराचं अप्रेझल, म्हणजे किमतीचा अंदाज, नीट झालाय का हे तपासून सही करणं माझं काम. ही फाइल सहा आठवड्यांपूर्वी सही करून मीच पुढे पाठवली होती. ती परत आली, कारण घरमालकीणबाईंनी तक्रार केली होती. बाई शिक्षिका, कृष्णवर्णीय. आमचा आकडा त्यांना पटला नाही, म्हणून त्यांनी स्वतःच्या पैशानं दुसरा अप्रेझर बोलावला. तो यायच्या आधी भिंतीवरचे सगळे घरचे फोटो उतरवले, दार उघडायला गोऱ्या मैत्रिणीला बसवलं आणि स्वतः मुलांना घेऊन बाहेर गेल्या. घर तेच. आकडा ७० हजार डॉलरनं वर.

फ्लॉइड गेल्यानंतर, जून २०२० मध्ये, आमच्या अध्यक्षांचं सगळ्यांना पत्र आलं होतं. कंपनीच्या कामकाजात मुरलेला वर्णभेद आपण शोधून काढू, असं त्यात लिहिलं होतं. मला ते वाचून बरं वाटलं होतं. आता मॅनेजर फोनवर म्हणाली, "त्या पत्रातलं काम ते हेच. सही तुझी आहे, तूच उघड."

उघडली. घरांच्या अप्रेझलचा जो नेहमीचा छापील फॉर्म आहे, फॉर्म १००४, त्यात परिसराची माहिती भरायचा एक भाग असतो. त्याच्या माथ्यावर छापलेलं असतं की वंश आणि परिसराची वांशिक रचना हे किंमत ठरवायचे निकष नाहीत. हे वाक्य मी शेकडो वेळा पाहिलंय. त्याच भागात परिसराच्या हद्दी लिहायच्या असतात. अप्रेझरनं लिहिलं होतं: पश्चिमेला ३५डब्ल्यू हायवे.

त्या एका ओळीनं पुढचं सगळं ठरलं होतं. तुलनेसाठी नुकतीच विकली गेलेली सारखी घरं घ्यावी लागतात, आम्ही त्यांना कॉम्प्स म्हणतो. त्यानं घेतलेली तिन्ही हायवेच्या पूर्वेची, त्यातलं एक तर दीड मैलावरचं. हायवेवरचा पूल ओलांडून चार चौक पुढे जवळजवळ तसंच घर दोन महिन्यांपूर्वी जास्त किमतीला विकलं गेलं होतं. ते कुठेच नव्हतं.

त्याच्या मनात वाईट होतं असं मला आजही वाटत नाही. हायवे ही हद्द धरतातच, मीही धरली असती. नव्हे, धरलीच होती. पण हायवे तिथूनच का गेला? १९६० च्या दशकात तो बांधला तेव्हा दक्षिण मिनियापोलिसमधली कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती फोडून नेला. आणि ते लोक त्याच वस्तीत का होते? मिनेसोटा विद्यापीठातल्या 'मॅपिंग प्रेज्युडिस' प्रकल्पानं शहरातली जुनी खरेदीखतं वाचून काढली आहेत. हजारो खतांमध्ये टाइप केलेली अट सापडली, की हे घर गोऱ्यांखेरीज कुणाला विकायचं नाही, भाड्यानंही द्यायचं नाही. शहरातलं असं पहिलं खत १९१० चं. त्यात चिनी, जपानी, तुर्की, आफ्रिकी रक्ताची अशी यादीच आहे. मिनेसोटा राज्यात नव्या खतांत अशी अट घालायला १९५३ मध्ये बंदी आली. घरखरेदीतला भेदभाव देशभर बेकायदा ठरला तो १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर आठवड्याभरात. तोवर कुणाचं घर कुठे, हे ठरून गेलं होतं.

आमच्या गावात ओढा आहे. ओढ्यापलीकडे कोणाची घरं, हे लहानपणी मला कुणी शिकवलं नव्हतं. पण माहीत होतं. ओढा काय, पाण्यानं पाडलेली वाट, असंच मी समजत आले. पलीकडे कोणी कुणाला ठेवलं, हा प्रश्न त्या दुपारी पहिल्यांदा पडला, आणि पडायला इतकी वर्षं लागली याची लाज वाटली.

अप्रेझरला पुलापलीकडचं घर दाखवून फेरविचाराची विनंती लेखी पाठवली. मॅनेजरनं मध्ये लोटलेल्या आठवड्यांमुळे व्याजात काही फरक पडला तर तो आणि बाईंचा दुसऱ्या अप्रेझलचा खर्च कंपनीच्या खात्यावर घालायला मंजुरी दिली. तीनच्या सुमारास बाईंना फोन केला. चूक माझ्या तपासणीत झाली, असं सरळ सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता.

मग त्या म्हणाल्या, "मी फोटो उतरवले म्हणून तुम्हाला कळलं. ज्यांनी उतरवले नाहीत, त्यांचं काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चारनंतर निकाल आला. तो पोलीस, डेरेक शोव्हिन, तिन्ही आरोपांत दोषी. फ्लॉइडला मारलं तो ३८वा रस्ता आणि शिकागो अव्हेन्यूचा चौक त्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. टीव्हीवर त्या चौकातली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. थोडा वेळ मीही नुसती बसून होते.

संध्याकाळी मॅनेजरला विचारून वर्षभरातल्या माझ्या सहीच्या, हायवेच्या पूर्वेकडच्या फाइलींची यादी काढली. ४३ निघाल्या. पहिली उघडली आणि आकडा पाहायच्या आधी हद्दीची ओळ वाचली. तिथेही पश्चिमेला ३५डब्ल्यू हायवेच होता.