साखळी तुटली, पण लेखाला वाट सापडली

आपल्या लिहिणाऱ्यांच्या गटात ठरवलेली रोज 300 शब्दांची माझी साखळी तुटली आहे. आधीच सांगते, म्हणजे खाली आकडे शोधत बसू नका. रथसप्तमीच्या आधी सलग काही दिवस वहीत एक ओळही गेली नाही, आणि या सगळ्या उपद्व्यापातलं सर्वांत मोलाचं काम नेमकं त्याच दिवसांत झालं. मागच्या वेळी मी ‘हळदीकुंकवावरचा लेख संक्रांतीपर्यंत पक्क्या खात्यात टाकते’, म्हणजे पुरा करते, असं ठोकून दिलं होतं. तो अजून कच्च्यातच आहे. का, ते सांगते. जरा लांबेल.

त्याआधी सामान. इथल्या, इंदूरच्या खजुरी बाजारातून डझनानं उचललेल्या वह्या शाई सोसत नाहीत. पुठ्ठ्यावर कागदाचं वजन 70 जीएसएम छापलंय, पण शाईपेनाची ओळ मागच्या पानावर उमटते, त्यामुळे एकच बाजू वापरता येते आणि वही निम्म्या वेळात संपते. दुकानदाराला म्हटलं, तर तो म्हणे, “मॅडम, आजकल पेन से लिखता कौन है?” शाई मात्र कॅमलची रॉयल ब्ल्यू. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी लहरी. महागड्या बाटल्यांची भलामण करणाऱ्यांशी मी यापुढे वाद घालणार नाही.

टंकनासाठी अखेर इनस्क्रिप्ट कळफलकावर आले. शिफ्ट-एनला ळ, शिफ्ट-जेला ऱ, त्यामुळे ‘दुसऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ विनासायास होतात. फोनवर हिंदी-मराठी दोन्ही चालू ठेवलं की ‘त्यांच्यामुळे’चं ‘त्यांच्यामुले’ होतं, हे दुखणं इंदूरकरांना नवं नाही. बोलून लिहिणं मी बंद केलं. रोजच्या शब्दांचा कोटा पटकन भरतो हे खरं, पण बोलताना मी भाषण करते, आणि भाषणाचे शब्द कोट्यात धरायचे नाहीत असं आता ठरवलंय.

कोट्याबद्दल आणखी एक. हिंदीत लिहिणाऱ्या मित्रांशी आकड्यांची बरोबरी करू नका. ‘घरच्यांसाठीसुद्धा’ आपल्याकडे एक शब्द, त्यांच्याकडे ‘घर वालों के लिए भी’ असे पाच. त्यांचे 500 आणि आपले 300 साधारण एकाच मापाचे. नोव्हेंबरात 50,000 शब्द लिहायचा तो परदेशी उपक्रम 1999 मध्ये सुरू झाला, 2025 मध्ये तो चालवणाऱ्या संस्थेनं गाशा गुंडाळला, पण त्याचा रोजचा 1,667 चा आकडा अजून आपल्यातल्या काही जणांच्या मानेवर बसलेला आहे. तो आकडा कादंबरीसाठी होता. कादंबरीत अडलं की पात्राला जिना चढायला लावता येतं. हळदीकुंकवावर लिहिताना अडलं की जिना चढून मलाच कुणाच्या तरी दारी जावं लागतं, आणि त्या जिन्याचे शब्द कोट्यात मोजले जात नाहीत.

तर, लेख. विषय तुम्हाला माहीत आहे: आमच्या कॉलनीतल्या मराठी महिला मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नवरा गेलेल्या बायकांना बोलावलं जात नाही, यावर तोंड उघडायचं. रोज 300 शब्दांप्रमाणे मजकूर झरझर साठला. मग सगळा एकत्र वाचला आणि संगणकाला ‘पाहिजे’ हा शब्द शोधायला सांगितला. पडदा पिवळाधमक झाला. समाजानं विचार केला पाहिजे, बायकांनीच पुढे आलं पाहिजे, मनं मोठी केली पाहिजेत. ‘पाहिजे’वर बंदी घातली, तर त्याच्या जागी ‘हवं’ येऊन बसलं, ते हाकललं तर ‘गरज आहे’. कोटा रोज पूर्ण होत होता, आणि एकाही वाक्याला कॉलनीतल्या कुणाला राग आला नसता. सगळ्यांनी माना डोलावून पुढच्या वर्षीची यादी तशीच केली असती.

मग मी इतिहास भरला. 1856 चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा, 1863 मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात काढलेलं बालहत्या प्रतिबंधक गृह, 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी केलेलं लग्न, 1896 चा त्यांचा आश्रम. एकेका सनाचा एक परिच्छेद, दोन दिवसांची उधारी एका बैठकीत फिटली. त्यातून इंदुरात कशावरही लिहा, दुसऱ्या परिच्छेदात अहिल्यादेवी येतातच. 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव गेले, सती निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी थांबवलं, 1767 पासून 1795 पर्यंत तिनं राज्य चालवलं. सगळं खरं, सगळं पाठ, आणि कात्रीखाली सगळं गेलं. एकच वाक्य ठेवलंय: राजवाड्यासमोरच्या त्यांच्या पुतळ्याला दरवर्षी हार घालणाऱ्या आमच्या मंडळाच्या संक्रांतीच्या यादीत, त्या आज असत्या तर, त्यांचं नाव बसलं नसतं. या वाक्यावर मी खूश आहे. एवढं मिरवू द्या.

हेरवाडचा परिच्छेदही राहणार आहे, कारण तो मी मंडळाच्या बैठकीत वाचून पाहिला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या या गावानं मे 2022 मध्ये ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं गावात बंद. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरवायला सांगितलं. बैठकीतलं उत्तर: “ते तिकडचं गं. आपण इकडे राहतो.” गणपती तिकडचा चालतो, नाटकं तिकडची चालतात, पुरणपोळी तर काय! मग मी इकडचं शोधलं. मध्य प्रदेश सरकारची कल्याणी विवाह सहायता योजना आहे, नवरा गेलेल्या बाईनं पुन्हा लग्न केलं तर 2 लाख रुपये देणारी. म्हणजे आपलं राज्य सरकार तिच्या लग्नाला 2 लाख देतं आणि आमचं मंडळ तिळगुळाची पुडी द्यायला कचरतं. हे वाक्यही ठेवलंय, थोडं चढ्या आवाजातलं आहे तरी.

एवढं होऊनही लेखात माणूस नव्हता. म्हणून साखळी सोडून मी ओळखीच्या एका काकूंकडे गेले. वय, गल्ली, नातं काही सांगत नाही, कारण पुढे कळेल. कुंकू लावायला मिळत नाही याचं त्यांना वाईट वाटत असेल, असं धरून मी प्रश्न काढून नेले होते. त्यांनी प्रश्नांची वही बंदच करायला लावली. म्हणाल्या, कुंकवाचं मला काही नाही, नवरा असतानाही मी टिकलीच लावायचे. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. मंडळ त्यांच्याकडून दर संक्रांतीला एक गोष्ट आजही हक्कानं घेतं. ती काय, ते इथेही लिहीत नाही, तिला क्ष म्हणू. “माझं क्ष चालतं, मी चालत नाही,” एवढंच त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

घरी येऊन पहिल्यांदाच लेख एका बैठकीत उतरला. शब्द मोजले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांना वाचून दाखवला. त्यांनी सगळा ऐकला, आवडल्याचं सांगितलं, आणि म्हणाल्या, “क्ष काढून टाक. क्ष म्हटलं की कॉलनीत सगळ्यांना मीच कळते.”

इथे अडकलेय. ज्या एका तपशिलानं लेख उभा राहतो, तोच तपशील बाईला उघडं पाडतो. क्ष काढला की पुन्हा माना डोलावायला लावणारा लेख. क्षच्या जागी दुसरं काही घालून पाहिलं, म्हणजे समजा चटई किंवा समई, तर वाक्य खोटं वाजतं, आणि ओळखणारे तरीही ओळखतील. गाव बदलून उज्जैन केलं. काकू हसल्या आणि म्हणाल्या, उज्जैनमध्ये क्ष कोण करतं? दोन बायकांची मिळून एक बाई करायची ही युक्ती आपल्यातल्या बऱ्याच जणांची आवडती आहे, मला ती पटत नाही. खऱ्या बाईच्या नावावर दुसरीचं दुःख चढवायचं आणि खाली ‘सत्य घटना’ लिहायचं, हा व्यवहार मला जमणार नाही. नाव बदलणं पुरतं, असं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या कॉलनीत राहून पाहावं. इथे नाव न घेताच माणसं ओळखली जातात.

त्यांची परवानगी पुन्हा मागावी, समजावून सांगावं, असाही सल्ला मिळाला. तो मी बाजूला ठेवला. त्यांनी एकदा स्पष्ट सांगितलंय. रोजचा कोटा माझा छंद आहे, आणि माझ्या छंदापायी त्यांना मंदिरात कुणी टोकावं, हे त्यांच्या वाट्याला का यावं?

या गुंत्यात असताना काल संध्याकाळी वाणाचे जुने भाव बघायला मंडळाचं रजिस्टर काढलं. चिटणीस मी, त्यामुळे ते माझ्याच कपाटात असतं. त्यात दोन याद्या असतात: वर्गणीची पुढे, हळदीकुंकवाची मागे. भाव शोधता शोधता पानं उलटत गेले आणि थांबले. काही नावं एका वर्षी दोन्ही याद्यांत आहेत, पुढच्या वर्षी फक्त पुढच्या. वर्गणी जमा, सही आहे, पावती क्रमांक आहे. मागच्या यादीत नाव नाही. खोडलेलंही नाही, कारण यादी दरवर्षी नव्या पानावर उतरवतात आणि उतरवताना ते नाव उतरत नाही. कुठल्याही बैठकीच्या इतिवृत्तात असा ठराव नाही. कुणी ठरवलेलंच नाही, नुसती नक्कल होत गेली आहे.

मंडळी, हा लेख मला माझ्याच कपाटात सापडला. यात काकू नाहीत, क्ष नाही, कुणाचंच नाव लागत नाही. दोन याद्या शेजारी ठेवायच्या आणि सांगायचं की पैसे कुणाचे घेतले आणि बोलावलं कुणाला. ‘पाहिजे’ची जागाच उरत नाही. आणि “तिकडचं” म्हणायची सोयही नाही, रजिस्टर इथलंच आहे, हिशेब तपासून खाली सह्याही आहेत.

हे लिहिता लिहिताच सुचतंय: लेखाऐवजी सरळ ठरावाचा मसुदा का करू नये? लेख वाचून माना डोलतात, ठरावाला हात वर करावा लागतो. ‘वर्गणीची यादी हीच हळदीकुंकवाची यादी’ एवढं एकच वाक्य. सकाळपर्यंत मी हा अहवाल लेखाचा म्हणून लिहीत होते, आता कच्च्या खात्यात ठरावाचं पान उघडलंय. लेख होईलच, पण ठराव आधी. मसुद्यात किती शब्द बसतात ते बघू. या छंदात एवढं थोडं लिहून एवढा वेळ मी पहिल्यांदाच घालवतेय.

कोट्याचंही बदलतेय. 300 चा आकडा काढला. आता रोजचा नेम असा: एक प्रश्न, जो खऱ्या माणसाला किंवा खऱ्या कागदाला विचारायचा, आणि त्याचं उत्तर जेवढे शब्द मागेल तेवढे. प्रश्न न विचारता लिहिलेला दिवस खंड धरायचा, वहीत हजार शब्द असले तरी. ज्यांची साखळी वर्षभराची आहे त्यांना हे आळसाचं लक्षण वाटेल. वाटू द्या. ललित लिहिणाऱ्यांनी आपला आकडा मुळीच सोडू नये, त्यांना तो हात चालता ठेवायला लागतो. माझ्यासारख्यांना आकडा गप्प बसायची सोय करून देतो: आज लिहिलं की, झालं.

अध्यक्षीणबाईंना रजिस्टरबद्दल फोन केलाय. याद्या बैठकीत दाखवायच्या तर त्यांची संमती लागेल, मंडळाचा कागद आहे. त्या म्हणाल्या, “यजमानांना विचारून सांगते,” यावर मी मोठ्या मुश्किलीनं गप्प बसले. हो म्हणाल्या तर ठराव पुढच्या बैठकीत. नाही म्हणाल्या तर चैत्रगौर माझ्या घरी बसते, तिथली यादी मी करते आणि ती वर्गणीच्या पानावरूनच उतरवणार आहे. काकूंना सांगितलंय. येणार का, तर म्हणाल्या, “आंब्याची डाळ कोण करणार आहे त्यावर आहे.” मी करणार आहे म्हटल्यावर जरा विचारात पडल्या.

इंदुरात 90 जीएसएमच्या एकेरी रेघांच्या वह्या कुठे मिळतात, ते कुणी सांगेल का? खजुरी बाजार सोडून.