मेरीच्या आईचं माहेर: चौकोन पुन्हा रिकामा

मंडळी, गेल्या रविवारी रात्री सुझॅना फर्नरला मी वंशवृक्षातून काढलं.

मागच्या दोन नोंदींत तिच्याभोवती तुटक रेघ होती आणि 'बहुधा' असा शेराही होता. पण खरं सांगायचं तर १६२० मध्ये मेफ्लॉवर बोटीतून इंग्लंडहून अमेरिकेत आलेल्या मेरी चिल्टनची आई म्हणून मनातून मी तिला केव्हाच मान्य करून बसले होते. आता त्या चौकोनात 'जेम्स चिल्टनची बायको' एवढंच लिहिलंय. आठ महिने काम केलं आणि जिथून निघाले तिथेच येऊन उभी राहिले. रात्री झोप लागली नाही.

काय घडलं ते सांगते. मेरीचा बाप जेम्स. त्याचे वडील लायनेल चिल्टन इंग्लंडमधल्या कॅंटरबरीचे. पहिली बायको गेल्यावर त्यांनी इसाबेल नावाच्या विधवेशी लग्न केलं. तिचा आधीचा नवरा फर्नर, आणि त्या घरातली मुलगी सुझॅना. म्हणजे सुझॅना ही जेम्सची सावत्र बहीण, रक्ताचं नातं काही नाही. जेम्सनं हिच्याशीच लग्न केलं असावं, असा अंदाज अभ्यासकांनी काही दशकांपूर्वी मांडला. आज तो डझनावारी वंशवृक्षांत ठाम विधान होऊन बसलाय, आणि त्यातल्या एकाही ठिकाणी लग्नाची नोंद दाखवलेली नाही.

माझ्या मते या अंदाजाचा भार दोन खांबांवर होता. पहिला म्हणजे जेम्सची मुलगी इसाबेला. कॅंटरबरीच्या सेंट पॉल चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला. आजीचं नाव नातीला ठेवलं, म्हणून बायको इसाबेलची लेक असणार, असा तर्क. दुसरा खांब मी स्वतः उभा केला होता आणि त्याचा मला फार आनंद झाला होता: मेरीच्या स्वतःच्या मुलींमध्ये एक सुझॅना आहे, लेथम घरात दिलेली. मेरीनं आपल्या आईचं नाव लेकीला दिलं, असं मी मागच्या नोंदीत उत्साहानं लिहिलं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शाबासकीही दिलीत.

रविवारी संध्याकाळी विन्स्लोंची शाखा सरळ करत बसले होते. मेरीचा नवरा जॉन विन्स्लो. त्याचा थोरला भाऊ एडवर्ड मेफ्लॉवरवरच आला होता. पहिल्या हिवाळ्यात एडवर्डची बायको वारली, आणि १२ मे १६२१ रोजी त्यानं विल्यम व्हाइटच्या विधवेशी लग्न केलं. अमेरिकेतल्या प्लिमथ वसाहतीतलं ते पहिलं लग्न. त्या विधवेचं नाव सुझॅना.

म्हणजे मेरीची थोरली जाऊच सुझॅना! एकाच बोटीतून आलेली, एकाच वसाहतीत राहणारी. मेरी तेरा वर्षांची असताना पोरकी झाली. तिच्या आयुष्यात पुढे जी मोठी बाईमाणसं उरली, त्यांतली ही एक. लेकीचं नाव जावेवरून ठेवलं असणं आईवरून ठेवलं असण्याइतकंच शक्य आहे. दुसरा खांब तिथेच कोसळला.

मग पहिल्याकडे नव्यानं पाहिलं तर तोही पोकळ निघाला. इसाबेल ही जेम्सची सावत्र आई. तिचं नाव मुलीला ठेवायला जेम्स एकटा पुरेसा आहे. त्यासाठी बायको फर्नरांची असायची काय गरज? हे मला आठ महिने कसं दिसलं नाही, याचं उत्तर मला माहीत आहे: चौकोन भरलेला बघायची घाई. म्हणून मागच्या नोंदीतला तो परिच्छेद मी जाहीरपणे मागे घेते. कुणी माझ्या वृक्षातून सुझॅना फर्नर उचलली असेल तर कृपया काढून टाका.

आता जे उरलंय ते मांडते, कारण उरलेलंही थोडं नाही.

जेम्स शिंपी. १५८३ मध्ये त्याला कॅंटरबरीत फ्रीमन म्हणून व्यवसायाचा हक्क मिळाला. शिकाऊ उमेदवाराला लग्न करता येत नसे, तेव्हा लग्न १५८३ च्या आसपास किंवा त्यानंतरचं धरायला हरकत नाही. इसाबेलाचा बाप्तिस्मा १५ जानेवारीचा, वर्ष १५८६/७. हे दुहेरी वर्ष विसरू नका. तेव्हा इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, त्यामुळे वहीत १५८६ असलं तरी आपल्या हिशेबानं ते १५८७. एका पैसे घेणाऱ्या संकेतस्थळावर ही तारीख नुसती १५८६ अशी उतरवली आहे, आणि तिथल्या आपोआप येणाऱ्या सूचनांनी माझा लग्नाचा काळ वर्षभर मागे ढकलला होता. दोन आठवडे त्यात गेले. ग्रॅम्प्स या वंशवृक्षाच्या सॉफ्टवेअरमध्ये दुहेरी वर्ष आणि २५ मार्चचा वर्षारंभ दोन्ही नोंदवता येतात, आणि ते फुकट आहे. या काळातल्या इंग्लिश घराण्यांवर काम करणाऱ्यांनी दुसरं काही वापरू नये, असं माझं स्पष्ट मत झालंय.

इसाबेलापासून मेरीपर्यंत दहा मुलं सापडतात. नोव्हेंबर १५९३ मध्ये सेंट मार्टिनच्या वहीत जोएलचं दफन आहे, आणि तीन आठवड्यांनी एका मेरीचं. आपली मेरी ही दुसरी मेरी. जेम्सही दोन, १५९६ चा आणि १६०३ चा, म्हणजे पहिला वाचला नसणार. १६०३ च्या आधीच कुटुंब केंट परगण्यातल्या सँडविच गावी गेलं होतं, आणि ३१ मे १६०७ रोजी तिथल्या सेंट पीटर चर्चमध्ये आपल्या मेरीचा बाप्तिस्मा झाला. इतक्या वेळा त्या बाईच्या घरात पाळणा हलला, इतक्या वेळा मातीही द्यावी लागली, आणि दर वेळी वहीत नाव बापाचं.

इथेच एक गोष्ट खुपायला लागली. इसाबेला आणि मेरी यांच्यात वीस वर्षांचं अंतर आहे. पहिलटकरीण विशीची असेल तर शेवटच्या बाळंतपणाला चाळिशीची. अशक्य नाही, पण काठावरचं. जेम्सनं मध्ये दुसरं लग्न केलं असेल तर? मग इसाबेलाची आई आणि मेरीची आई या दोन वेगळ्या बायका, आणि पहिलीचं माहेर सापडूनही मेरीचं आजोळ सापडणार नाही. म्हणून मी वृक्षात दोन चौकोन केलेत, मध्ये प्रश्नचिन्ह. दिसायला वाईट दिसतं, पण प्रामाणिक आहे.

आता गोड बातमी. हे कुटुंब पुढे हॉलंडमधल्या लायडनला गेलं. तिथल्या लग्नाच्या नोंदी आठवतात ना? 'चिल्टन' टाकून काही मिळत नाही म्हणून मी कुरकुरत होते. इसाबेला तिथे आहे! जुलै १६१५, रॉजर चँडलरबरोबर. पण डच कारकुनानं कानाला आलं तसं लिहिलंय: 'त्गिल्ट्रन'. बहीण इंगलचं १६२२ चं लग्नही आहे, तिथे आडनाव 'गिल्टन'च्या जवळपास जातं. ही अक्षरं मी स्वतः पानावर बोट ठेवून वाचली तेव्हा खुर्चीतून उठून घरभर फिरून आले. लायडनच्या अभिलेखागारानं पानांच्या प्रतिमा सर्वांसाठी खुल्या ठेवल्यात, रंगीत आणि स्वच्छ. मोठमोठ्या संस्थांनी शिकावं असं काम आहे. एवढं मात्र ध्यानात ठेवा की हॉलंडचं पंचांग इंग्लंडच्या दहा दिवस पुढे होतं. दोन्हीकडच्या तारखा एका ओळीत मांडताना चूक हमखास होते.

त्याच लायडनमध्ये १६१९ च्या एप्रिलमध्ये म्हाताऱ्या जेम्सवर दगडफेक झाली. चर्चहून लेकीबरोबर घरी येत होता, वय त्रेसष्ट. गावात आर्मिनियन या प्रोटेस्टंट पंथावरून वातावरण तापलेलं. वीसेक पोरांनी घेरलं, डोळ्याच्या वर धोंडा बसला आणि तो कोसळला. त्याची जबानी उरली आहे. बापाचं वय तिच्यातूनच पक्कं होतं, म्हणजे जन्म १५५६ च्या सुमाराचा. दीड वर्षानं हा माणूस मेफ्लॉवरवर चढला, त्या बोटीवरचा बहुधा सर्वांत वयस्क प्रवासी. वसाहतीच्या कारभारासाठी बोटीवर झालेल्या करारावर त्यानं सही केली आणि महिनाभरात, ८ डिसेंबर १६२० ला, केप कॉडच्या बंदरात बोटीवरच गेला. बायको त्या पहिल्याच साथीत गेली. वसाहतीचा गव्हर्नर ब्रॅडफर्ड याच्या प्रवाशांच्या यादीत ती आहे, पण तिथेही 'जेम्स चिल्टन आणि त्याची बायको'.

रत्नागिरीच्या आत्याला फोनवर हे सगळं सांगत होते. तिच्याकडे आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत आहे, त्यात प्रत्येक सुनेचं माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं असतात. ती म्हणाली, "अगं, पण त्या बाईनं काही केलं असेल ना? केलं असेल त्याची नोंद असेल."

आहे. आणि तीच माझ्याकडची सर्वांत मोलाची नोंद.

१६०९ च्या वसंतात सँडविचमध्ये अँड्र्यू शार्प नावाच्या माणसाचं मूल वारलं. चर्चनं ठरवलेले विधी टाळून काही जणांनी त्याला गुपचूप पुरलं. मृताच्या नावानं केलेल्या कर्मकांडाला धर्मग्रंथात आधार नाही, असं या मंडळींचं म्हणणं. प्रकरण धर्मन्यायालयात गेलं आणि त्यांना बहिष्कृत केलं. त्यांत मोझेस फ्लेचर, जो पुढे मेफ्लॉवरवर आला, आणि 'जेम्स चिल्टनची बायको'. जेम्स नाही, त्याची बायको! त्या वेळी मेरी दोन वर्षांची होती. या घराला गाव सोडून लायडनच्या वाटेला लावणारी ठिणगी बहुधा हीच, आणि ती घरातल्या बाईनं टाकली. जेम्सच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या कुटुंबाकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेनं बघते.

माहेर सापडत नाही म्हणून हात टेकायचे का? मुळीच नाही, आणि याला आधार त्या थोरल्या जावेचाच आहे. सुझॅना व्हाइटचं माहेर कित्येक वर्षं फुलर धरलं जात होतं, कारण १६१२ मध्ये लायडनला विल्यम व्हाइट आणि अ‍ॅन फुलर यांच्या लग्नाची नोंद आहे. पण तो विल्यम व्हाइट वेगळाच. शेवटी खरं नाव, जॅक्सन, हाती लागलं ते चर्चच्या वहीतून नाही, एडवर्ड विन्स्लोनं १६२३ मध्ये सासरच्या माणसांना लिहिलेल्या पत्रातून. म्हणजे चारशे वर्षांनीही दार उघडू शकतं, फक्त ते भलत्याच भिंतीत असतं.

पुढचा बेत खरं तर सँडविचच्या वह्या परत पहिल्यापासून वाचण्याचा होता. पण आत्ता हे लिहिता लिहिता तो बदलतेय. वह्यांत बापाचंच नाव येणार, तर त्या दहादा वाचून काय मिळणार? मृत्युपत्रं वाचायला हवीत, आणि तीही चिल्टनांची नव्हेत. एखादा केंटचा म्हातारा मरताना 'माझी लेक, जेम्स चिल्टन शिंप्याची बायको, हिला चार चांदीचे चमचे' असं लिहून गेला असेल, तर ते त्याच्या आडनावाखाली लागलेलं असणार. सूचीत मृत्युपत्र करणाऱ्याचं नाव येतं, घेणाऱ्याचं येत नाही. कॅंटरबरीच्या दोन धर्मन्यायालयांचे खंड मेडस्टनच्या अभिलेखागारात आहेत, पीआरसी १७ आणि पीआरसी ३२. १५८३ ते १६२० एवढा पट्टा पानोपानी चाळायचा. एकटीनं केलं तर दोन वर्षं जातील. सेक्रेटरी लिपी, म्हणजे त्या काळचं इंग्लिश हस्ताक्षर, वाचता येणाऱ्या कुणाला वाटून घ्यायचं असेल तर सांगा, मी दशकांप्रमाणे भाग पाडून देते. शोधायचे शब्द 'चिल्टन', 'चिल्टर्न', 'चेल्टन', आणि आडनाव नसेल तिथे 'सँडविचचा शिंपी'.

आणि हो, दुसरंही सुचलंय. लायडनच्या वाङ्‌निश्चयाच्या नोंदीत वधूकडच्या साक्षीदारांची नावं असतात. इसाबेलाच्या लग्नात मी आडनावाच्या आनंदात साक्षीदारांकडे पाहिलंच नाही. मावशी, मामी, आईच्या गावची शेजारीण, कुणीही असू शकेल. ते पान पुन्हा उघडते, उद्याच.

विन्स्लोंच्या बाजूचं थोडक्यात. मेरीचं लग्न कधी झालं, हे आता दोन वाटपांच्या मध्ये पकडलंय: १६२३ च्या जमीनवाटपात ती अजून चिल्टन आहे आणि २२ मे १६२७ च्या गुराढोरांच्या वाटपात विन्स्लो. प्लिमथच्या खडकावर पहिलं पाऊल तिनं टाकलं ही कथा मी वृक्षात नोंदवणार नाही, त्याला समकालीन कागद नाही.

आणि तिचं मृत्युपत्र! ३१ जुलै १६७६, बॉस्टन. कुणाला लांब मेज आणि सहा स्टुलं, कुणाला चांगला झगा, नातीला रेशमी लेस लावलेला पेटीकोट. तिचं दफन किंग्ज चॅपलच्या दफनभूमीत आहे, माझ्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिथे जाऊन उभी राहिले. सुझॅना फर्नरबद्दल तिला सांगावंसं वाटलं, म्हणून सांगितलं.

शनिवारी लायब्ररीत मायक्रोफिल्मचं यंत्र सकाळी नऊपासून माझ्या नावावर आहे. पीआरसी १७, १५८३ पासून सुरुवात.